बिरप्पामामांची अर्धी ओळ

"बिल्ला नगं," असं म्हणत मामांनी माझी गाडी हातानं मागं सारली. "तुमची वळखू येती."

सोलापुरातल्या आमच्या नाट्यगृहाच्या स्टँडवर दीडशे दुचाक्या लागतात. बहुतेक काळ्या, नाहीतर पांढऱ्या. तरी बिरप्पामामा पत्र्याचे बिल्ले डब्यातच ठेवायचे. नाटक सुटलं की माणसं लोटायची, आणि मामा एकेकाचं तोंड बघून त्याच्या गाडीकडे बोट करायचे. कधी चुकले नाहीत.

"मामा, नंबर पाठ करता का?"

"नंबर? मला वाचायला कुटं येतंय. मेंढराच्या कपाळावर नंबर असतोय व्हय? दोनशे मेंढरं हुती माजी. परत्येकाचं थोबाड येगळं. आता तुमची ही गाडी. डाव्या अंगाला खरचटलीय, अन् आरसा रुसल्यावानी बसलाय तिचा."

मामा अडुसष्ट वर्षांचे. सांगोल्याकडच्या एका गावातले धनगर. सहा वर्षांपूर्वी मेंढरं विकून शहरात आले आणि नाट्यगृहाच्या मागच्या पत्र्याच्या खोलीत राहू लागले. बायको फार पूर्वी गेलेली. मुलगा चाकणला कंपनीत, रविवारी त्याचा फोन येई. फोन ठेवला की मामा तो बराच वेळ हातात धरून बसत, बंद झालाय हे कळलंच नसल्यासारखे. सामान म्हणाल तर एक पेटी, एक स्टोव्ह आणि एक काळं घोंगडं. घोंगडं उन्हाळ्यातसुद्धा स्टँडवरच्या प्लास्टिकच्या खुर्चीला घडी घालून टांगलेलं असायचं. मी त्यांना ते कधी पांघरताना पाहिलं नाही.

तिसरी घंटा झाली की सगळे आत जात आणि मामा नाट्यगृहाकडे पाठ करून बसत. मी त्यांना कितीदा पास दिले. एकदा म्हणाले, "आत काय हाय? अंदारात बसायचं अन् दुसऱ्याचं आयकायचं. लई केलं त्ये."

त्याचा अर्थ मला दिग्विजय आला तेव्हा लागला.

दिग्विजय सोलापूरचाच. वडिलांचं टॉवेलचं दुकान सोडून दहा वर्षं बाहेर राहिला, वाद्यवृंदासाठी संगीत लिहायला शिकला, आणि परत आला तो बेचाळीस वादकांसाठी लिहिलेली रचना घेऊन. नाव 'कोरडवाहू'. आपला सगळा देश त्यानं तीन भागांत बसवला होता. देश म्हणजे हा आपला, दगडाधोंड्यांचा, पाण्याची वाट बघणारा. पहिला भाग 'खडक', दुसरा 'वारा', तिसरा 'माणूस'. वादक पुण्या-मुंबईचे, पण पहिला प्रयोग सोलापुरातच, असा त्याचा हट्ट. मंचाची व्यवस्था माझ्याकडे होती.

"खडक झाला, वारा झाला," तो कपाळ चोळत म्हणाला. "माणूस सापडत नाही. मला धनगरी ओवी पाहिजे. सांगोला, मंगळवेढा सगळं फिरलो. जो तो एकच नाव घेतो. जोतिराम."

"मग आण की त्यांना."

"सहा वर्षांपूर्वी गेले ते. आवाज कुठंच भरून ठेवलेला नाही. पण त्यांच्या मागं चाळीस वर्षं एकच माणूस उभा असायचा म्हणे. बिरप्पा. तो इथंच कुठल्यातरी गाड्यांच्या स्टँडवर असतो असं…"

मी त्याचा हात धरून त्याला खाली नेलं.

मामा चहा पीत होते. मी विचारलं, "मामा, तुम्ही गाता?"

"कोन म्हनलं?"

दिग्विजयनं जोतिरामचं नाव घेतलं. मामांनी कप खाली ठेवला आणि उघड्या असलेल्या बिल्ल्यांच्या डब्याला झाकण लावलं.

"गायचा जोतिराम. मी झीलकरी."

मग त्यांनी समजावून सांगितलं. ओवी दोघांची असते. म्होरक्या कानावर हात ठेवून ओळ सुरू करतो आणि अर्ध्यावर सोडून देतो. ते सुटलेलं टोक मागच्यानं उचलायचं आणि ओळ पुरी करायची. ती झील. म्होरक्यानं श्वास घ्यायचा, तोवर मागच्यानं गाणं खाली पडू द्यायचं नाही.

"मग पुढची अर्धी ओळ?" दिग्विजय.

"ती त्येची. झीलकऱ्याला म्होरलं येत नसतं."

"चाळीस वर्षं रोज ऐकून—"

"न्हाय येत."

प्रश्न संपायच्या आत उत्तर आलं. नाटकात एखादा नट असा घाईनं बोलला तर मी त्याला लगेच थांबवते. त्या दिवशी मात्र माझ्या लक्षात आलं नाही.

दिग्विजयला वाईट वाटण्याऐवजी हुरूपच आला. तो तिथंच, दोन स्कूटरच्या मधे, हातवारे करू लागला. "उलट बरं! पुढची ओळ चेलो वाजवेल. शब्दच नाहीत, नुसता सूर. आणि मागून मामांची झील. गेलेल्या माणसाची जागा वाद्यानं घ्यायची. मामा, जमेल?"

मामांनी नाट्यगृहाच्या दाराकडे पाहिलं. सहा वर्षांत मी पहिल्यांदाच त्यांना तिकडे बघताना पाहिलं.

"जमंल की," ते म्हणाले. "कुनी देनारं असलं तर उचलाय काय, जमंल."

पहिल्या तालमीला मामा धुतलेलं धोतर नेसून, फेटा बांधून आले. घोंगडं खांद्यावर. बेचाळीस माणसं वाद्यं लावत होती. त्या कल्लोळात मामा माझ्या कानाशी आले. "ह्यांचं भांडान मिटल्यावर सुरू करायचं व्हय?"

चेलो वाजवणारी वैष्णवी, पंचविशीची, डोळे कायम कागदात. मामांनी तिला चाल गुणगुणून दाखवली. चाल सगळ्या ओळींना एकच, शब्द वेगवेगळे.

"शब्द काय आहेत, मामा?" तिनं विचारलं.

"ते न्हाईत माज्याकडं."

वैष्णवीनं ओळ सुरेख वाजवली आणि थांबली. सगळे मामांकडे बघू लागले. मामा गप्प. पुन्हा वाजवली. पुन्हा गप्प.

"काय झालं, मामा?"

"त्या बाईनं दिलंच न्हाय."

"अहो, वाजवलं की मी!"

"वाजीवलं. दिलं कुटं? सोडताना मान माज्याकडं कलती करायची. घे बाबा, म्हनायचं. त्याबिगर दुसऱ्याच्या वस्तूला हात कसा लावू मी?"

ट्रम्पेटवाला फिस्कन हसला. पण वैष्णवीनं कागद बाजूला ठेवला. पुन्हा ओळ वाजवली आणि शेवटच्या सुरावर मान कलती करून मामांकडे पाहिलं.

"—कुनी टाकली, कुनी टाकली…"

रंगमंचावर मी पुष्कळ आवाज ऐकलेत. हा तसा कमावलेला नव्हता. जरा घोगरा, कडेनं फाटलेला, पण टोकाला असा लांब जाणारा की मागं माळ आहे असं वाटावं. पुढच्या वेळी "—कुनी येचल्या, कुनी येचल्या." मग "—कुनी पाह्यलं, कुनी पाह्यलं." काय टाकलं, काय वेचलं, काय पाहिलं, कुणालाच ठाऊक नाही.

"मामा," ट्रम्पेटवाला म्हणाला, "नुसतं कुनी टाकली, कुनी पाह्यलं! पोलिसांचा पंचनामा वाटतोय."

"मंग तुमी ती पितळी नळी जरा थंड ठिवा. चोर सोताहून बोलंल."

सगळे हसले. मामासुद्धा.

ते दहा दिवस मामा वेगळेच होते. दुपारी वादकांच्या पंगतीत बसायचे, कडक भाकरी शेंगाचटणीत चुरून कशी खायची ते पुण्याच्या पोरांना शिकवायचे. चेलोला 'थोरली सारंगी' म्हणायचे आणि वैष्णवीला 'म्होरकी'. एकदा तिला म्हणाले, "म्होरके, आज जरा घाईत दिलंस. घरी काय दूध उतू चाललंय?"

आणि मग प्रयोगाच्या तीन दिवस आधी दिग्विजयनं मोठ्या उत्साहात जाहीर केलं, "पहिल्या रांगेत आपल्या खास पाहुण्या असणार आहेत. जोतिरामांच्या पत्नी, चिमाबाई. मी जीप पाठवतोय त्यांना आणायला."

टाळ्या वाजल्या. मामांनी खांद्यावरचं घोंगडं सारखं केलं आणि ते निघून गेले.

दुसऱ्या दिवशी ते तालमीला आले नाहीत. मी स्टँडवर गेले तर मामा येईल त्याच्या हातात बिल्ला ठेवत होते. मलाही दिला. सत्तेचाळीस नंबर.

"मामा, माझी गाडी ओळखत नाही का?"

"आज काय वळखंना झालंय."

मी त्यांच्यासमोर उलट्या बादलीवर बसले. पोरं गाड्या लावून गेली. ऊन पत्र्यावरून घसरत खाली आलं. मग मामा बोलले.

"बिरोबाची यात्रा हुती. सात वर्सं झाली. दुपारचा टाईम, ही गर्दी. आमी दोन ओव्या म्हनल्या. तिसरीला त्यानं कानावर हात ठिवला, तोंड उघाडलं, अन् कायच न्हाय. इसरला. बाई, चाळीस वर्सात त्यानं कदी मागं वळून बघितलं न्हवतं. म्होरक्या मागं बघत नसतोय. मागं मानूस हाय, हे त्येला ठावंच असतंय. त्या दिशी बघितलं."

"आणि तुम्हाला ती ओळ…"

"येत हुती." त्यांनी डब्याचं झाकण उघडलं, लावलं. "समद्या येत्यात."

मी बादली जरा पुढं ओढली.

"झीलकऱ्यानं म्होरली ओळ उचलली की म्होरक्या संपला. त्येनं फेटा काढून खाली बसायचं. आमच्यात तसंच हाय. म्हनून मी गप ऱ्हायलो. आसं मी मला सांगतोय."

"आणि खरं?"

"खरं बी त्येच हाय. जरा दुसरं बी हाय. समदा मुलूख म्हनायचा, जोतिराम आला, जोतिराम गायला. माजं नाव कुनाला ठावं न्हवतं. 'जोतिरामचा मागला' म्हनायची. तवा मनात आलं, बघू दे. येकडाव कळू दे ह्येला, मागं कोन असतंय. तेवढंच. ढोलाचं चार ठोकं. तेवढ्यात लोक हसाय लागली."

"मग?"

"घोंगडं तितंच टाकून उतरला. मी उचाललं. द्यायचं म्हनून उचाललं. अन् त्याच्या घरी जायाच्या ऐवजी मेंढरं घिऊन लांब निगून गेलो. त्यो परत गायला न्हाय. वरसानं गेला. मातीला गेलो तवा वैनीनं इचारलं, 'भावजी, तुमास्नी ती ओळ येत न्हवती का?' म्हनलो, न्हाय वैनी, झीलकऱ्याला म्होरलं येत नसतं. तवापासनं न्हाय येत."

आता तीच वैनी पहिल्या रांगेत बसणार होती.

खरं सांगते, त्या क्षणी मला मामांपेक्षा प्रयोगाची काळजी जास्त होती. मी म्हणाले, "मग काय बिघडतंय? पुढची ओळ चेलोच वाजवणार. तुम्ही झील द्या नि मोकळे व्हा. कुणाला काही कळणार नाही."

मामांनी माझ्याकडे पाहिलं. "व्हय," ते म्हणाले. "झीलच की. दुसरं काय."

प्रयोग रविवारी संध्याकाळी सहाला होता. स्टँडवर मामांच्या जागी ऑफिसातला शिपाई बसवला होता, त्यानं सगळ्यांना बिल्ले दिले आणि तरी गोंधळ घातलाच. चिमाबाई वेळेआधी आल्या. करड्या रंगाचं लुगडं, हातात कापडी पिशवी. मऊ खुर्चीत पाय वर घेऊन, मांडी घालून बसल्या आणि समोरच्या बंद पडद्याकडे अशा बघत राहिल्या, जसं काही त्यावरच काहीतरी चाललंय.

'खडक' झाला. 'वारा' झाला, बासऱ्यांनी आणि व्हायोलिनांनी सगळं नाट्यगृह उघडं बोडकं करून टाकलं. मग 'माणूस'. मी विंगेत, हातात क्रम लिहिलेला कागद.

वैष्णवीनं पहिली ओळ वाजवली, मान कलती केली. "—कुनी टाकली, कुनी टाकली…" पहिल्या रांगेत चिमाबाईंचा हात पिशवीवर घट्ट झाला. दुसरी ओळ. "—कुनी येचल्या, कुनी येचल्या…"

तिसऱ्या ओळीला वैष्णवीनं गज उचलला आणि मामांकडे पाहिलं. मामांनी तिला तळहात दाखवला. थांब.

माझ्या कागदावर हे नव्हतं.

मामांनी दुसरा हात कानावर ठेवला.

"मागल्या वाटंला गंऽऽ येकलं कोकरू—"

आणि सोडून दिलं.

नाट्यगृहभर ती अर्धी ओळ लोंबकळत राहिली. वाद्यवृंदासमोर उभ्या दिग्विजयचा हात हवेत तसाच. 'कुनी पाह्यलं, कुनी पाह्यलं' हे दहा दिवसांत आमच्या सगळ्यांच्या तोंडात बसलेलं होतं, वादकांच्या, माझ्या, दिवे लावणाऱ्याच्यासुद्धा. मामांनी ते म्हटलं असतं तर प्रेक्षकांना वाटलं असतं, असंच ठरलेलं होतं.

मामांनी ते म्हटलं नाही. त्यांनी मान वळवून मागं पाहिलं. मागं नुसता काळा पडदा होता.

चार ठोक्यांएवढा वेळ गेला. मग दिग्विजयनं हात खाली आणला आणि सगळी तंतुवाद्यं एकदम आत आली.

टाळ्या फार झाल्या. लोक उभे राहिले. मामा वाकले नाहीत, त्यांना ते कुणी शिकवलंच नव्हतं. त्यांनी फेटा काढून हातात घेतला आणि विंगेतून माझ्या शेजारून सरळ बाहेर गेले.

मी स्टँडवर पोचले तेव्हा चिमाबाई तिथंच होत्या, जीप तिथं लावलेली होती. मामा त्यांच्यापासून चार हात लांब उभे. मी एका गाडीशी थांबले, पुढंही जाववेना, मागंही.

"भावजी," चिमाबाई म्हणाल्या. "येत हुती तर."

"व्हय."

"समद्या?"

"समद्या."

त्यांनी पदर खांद्यावर ओढून घेतला. "मला ठावं हुतं. त्यांनी घरी आल्या आल्या सांगितलं. म्हनले, बिरप्पाला येत हुती, त्येच्या डोळ्यांत दिसली मला."

मामांनी विचारलं, "मंग… काय म्हनला?"

"काय म्हनायचंय? म्हनले, संध्याकाळी येईल त्यो, बोलू. जेवाय थांबले तुमच्यासाठी."

"वैनी, मी—"

"ओळीचं काय न्हाय, भावजी. इसरतंय मानूस, न्हाय देत येखादा. पर त्यांनी वरीसभर वाट बघितली. मी सा वर्सं बघितली. तुमी आलाच न्हाईसा."

जीपवाल्यानं हॉर्न वाजवला. चिमाबाईंची नजर मामांच्या खांद्यावर गेली.

"त्येंचंच न्हवं हे?"

"व्हय." मामांनी घाईघाईनं घोंगडं काढलं आणि दोन्ही हातांवर धरून पुढं केलं.

त्यांनी किनारीवरून एकदा बोट फिरवलं. "ऱ्हाऊ द्या. तितं आता ठिवाय जागा न्हाय."

"मी येतो, वैनी. येत्या आईतवारीच येतो."

"कुनाकडं?" त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता, खरंच विचारल्यासारखं विचारलं. "घराला कुलूप घातलंय मी. पोरीकडं असती आता, विजापूरला. हितनं तिकडंच चाललीया."

जीप गेली. माणसं बिल्ले हातात घेऊन गाड्या शोधू लागली. मामा खांद्यावर घोंगडं नाही, हातावर आहे, हे विसरून तसेच उभे राहिले. मग कुणीतरी ओरडलं, "ओ मामा, माझी कुठंय?" आणि त्यांनी न बघताच बोट केलं. गाडी तिथंच होती.

पुढं 'कोरडवाहू' पुण्यात झालं, मुंबईत झालं. दिग्विजय दोन्ही वेळा बोलवायला आला, मामांनी दोन्ही वेळा चहा पाजून परत पाठवला. तिसऱ्या भागात आता ओवी नाही. वैष्णवी दोन ओळी वाजवते, तिसरीला गज उचलते, आणि चार ठोके कुणीच काही वाजवत नाही. पुण्यात म्हणे मागच्या रांगेतून कुणीतरी खोकलं.

परवा नाटकाला तिसरी घंटा झाल्यावर मी आत न जाता मामांजवळ बादलीवर बसले. ते नेहमीसारखे नाट्यगृहाकडे पाठ करून होते.

"मामा, त्या दिवशी झील का नाही म्हटली? ती तर तुमचीच होती."

"म्होरली वळ घेतली न्हवं मी? येका मानसानं दोन्ही म्हनत न्हाईत. ती मागल्यानं म्हनायची."

"मागं कुणी नव्हतं."

"ते मला हितं बसून बी ठावं हुतं, बाई. बघितल्यावर नीट कळलं." मग म्हणाले, "त्येला कसं वाटलं आसंल, ते."

वारा पडला होता. मामांनी गाड्यांच्या रांगेकडे बघत, कानावर हात न ठेवता, अगदी हळू ओळ टाकली.

"माळाच्या अंगावर गंऽ उनाची घोंगडी—"

एवढे दिवस मला 'कुनी टाकली' तेवढंच माहीत होतं. ते माझ्या ओठांवर आलं. मी तोंड उघडलं.

मामांनी तळहात दाखवला. "नगं."

ते थांबले, मान जराशी कलती करून, चार ठोके. मग पुढची ओळ सुरू केली. ती अर्ध्यावर सोडली. पुन्हा थांबले.

नाटक सुटायला अजून पुष्कळ वेळ होता.